नावं विसरणं, वाचा जाणं आणि तो फॉरवर्ड

फॅमिली ग्रुपवर परत तो फॉरवर्ड फिरतोय. हॉलिवूडचा नट ब्रूस विलिस याचा फोटो आणि खाली, 'याची स्मरणशक्ती गेली म्हणून वाचा गेली. आधी नावं विसरतात, मग बोलणं बंद, वर्षभरात माणूस कुणालाच ओळखत नाही. रोज शब्दकोडं सोडवा, हा आजार होणारच नाही.'

पहिलं म्हणजे, स्मरणशक्ती गेली म्हणून वाचा गेली असं त्याच्या घरच्यांनी कधी सांगितलंच नाही. मार्च 2022 मध्ये त्यांनी अफेजिया सांगितला, म्हणजे मेंदूतल्या बिघाडामुळे भाषा जाणं, आणि फेब्रुवारी 2023 मध्ये फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, म्हणजे मेंदूचा पुढचा आणि कानाजवळचा भाग झिजत जाणारा आजार. त्यात कधीकधी आधी भाषाच जाते. मार्सेल मेसुलम नावाच्या न्यूरॉलॉजिस्टने 1982 सालीच सहा पेशंट मांडले होते, भाषा हळूहळू चाललेली पण बाकी डोकं बराच काळ शाबूत. याला आता प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अफेजिया म्हणतात.

'आधी नावं, मग बोलणं', हा क्रम तर कुठून आणला देव जाणे. मेंदूचा कुठला भाग झिजतोय त्यावर सगळं असतं, आणि 2011 पासून डॉक्टर याचे तीन प्रकार धरतात. एकात माणूस घडाघडा बोलतो पण शब्दांचे अर्थच पुसले जातात, म्हणजे कोथिंबीर आण म्हटलं तर 'कोथिंबीर म्हणजे काय?' असं विचारतो, आणि ते विसरणं नसतं बरं का, कारण काल कोण आलं होतं ते तो नीट सांगतो. दुसऱ्यात अर्थ पक्का पण वाक्य मोडतं, उच्चार अडखळतो, 'मी बाजारात गेलो होतो' ऐवजी 'मी... बाजार... गेलं' असं काहीतरी येतं. तिसऱ्यात शब्द शोधत मध्येच थांबायचं आणि लांब वाक्य ऐकून परत म्हणता येत नाही. या तिसऱ्याच्या मुळाशी बहुतेकदा अल्झायमर, म्हणजे एरवी स्मरणशक्ती नेणारा आजारच असतो, तेवढ्यापुरता फॉरवर्ड बरोबर म्हणू.

शेजाऱ्याच्या सुनेचं नाव अडलं आणि भाजी चिरताना आठवलं, हे पन्नाशीनंतर सगळ्यांचंच होतं. त्याला घाबरायचं नाही.

वर्षभरात? नाही हो, हे बहुतेकांचं वर्षानुवर्षं चालतं, पुढे बोलणं पार थांबू शकतं आणि वागणं, स्मरण, हालचाल यांच्यावरही परिणाम होतो, पण कधी ते ज्याचं त्याचं वेगळं.

शब्दकोड्याने टळतं याला आधार नाही. डोक्याच्या व्यायामाचंच म्हणाल तर, हैदराबादच्या 2013 च्या अभ्यासात एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन भाषा बोलणाऱ्यांना डिमेन्शिया सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसला. उशिरा, होणारच नाही असं नाही!

आणि खाली कुणीतरी लिहिलंय, 'आमचे काका पण बोलायचे थांबले होते, सहा महिन्यांत बरे झाले.' अहो, त्यांना स्ट्रोक आला होता. त्यात वाचा एका झटक्यात जाते आणि पुढे थोडीफार परत येते. इथे उलटं आहे, आज जेवढे शब्द आहेत तेवढे पुढच्या वर्षी नसणार. त्यामुळे स्पीच थेरपी, फोटोंची वही, बँकेचे कागद, मृत्युपत्र, हे सगळं माणूस स्वतः 'हो' किंवा 'नको' म्हणू शकतोय तोवरच उरकायचं असतं, आणि लोक नेमकी तीच वर्षं 'वयानुसार होतं' म्हणत घालवतात.