सोळा नियम, एक 'न्' आणि उकळणारा माणूस

'एस्पेरांतोचं अख्खं व्याकरण फक्त 16 नियम! एकही अपवाद नाही, शब्द कसेही फिरवा, एका दिवसात बोला. आणि ही भाषा निघालीय संस्कृतातून!' एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या भाषेबद्दलचा हा फॉरवर्ड गेली कित्येक वर्षं फिरतोय. आता तो भाचीपर्यंत पोचलाय आणि तिने रविवार मोकळा ठेवलाय. म्हणून हे.

16 हा आकडा खरा आहे, ते नाकारत नाही. ही भाषा घडवणाऱ्या झामेनहॉफच्या 1887 च्या पहिल्या पुस्तकात ते नियम आहेत, 1905 च्या 'फुंदामेंतो' या त्याच्या पायाभूत पुस्तकातही आहेत. पण फुंदामेंतो उघडा की जरा! त्याच नियमांना जोडून 42 भागांचे स्वाध्याय आणि वर शब्दकोश आहे. नियम म्हणजे नुसता सांगाडा. कोण, कधी, कुठे, तेव्हा, कधीच नाही अशा 45 शब्दांचा तक्ता (5 सुरुवाती, 9 शेवट: किउ, किआम, किए, तिउ, तिआम, तिए) त्या सोळांत नाहीच. तो पाठ नसेल तर 'कुठे जायचंय?' एवढंही विचारता येणार नाही.

अपवाद नाहीत? क्रियापदांच्या रूपांत नाहीत, मान्य. शेवटी आस तर वर्तमान, इस तर भूत, ओस तर भविष्य. पुरुष-वचन काही बदलत नाही.

'शब्द कसेही फिरवा' हे मात्र धोक्याचं. कुत्रा माणसाला चावतो: हुंदो मोर्दास विरोन. उलटं विरोन मोर्दास हुंदो म्हटलं तरी चावणारा कुत्राच, कारण कर्माचा 'न्' माणसाला (विरो) लागलाय. पण तो 'न्' विसरलात की कोण कोणाला चावलं ते राम जाणे. शिवाय आठवा नियम म्हणतो, शब्दयोगीनंतर 'न्' नको. तेरावा म्हणतो, दिशा असेल तर हवा. एन ला जार्देनो म्हणजे बागेत, एन ला जार्देनोन म्हणजे बागेच्या आत शिरत. मि फार्बिस ला रुजान दोमोन: लाल घर रंगवलं. मि फार्बिस ला दोमोन रुजा: घर लाल रंगवलं. विशेषणाची जागा बदलली, त्याचा 'न्' गेला, अर्थ बदलला.

मराठी माणूस हमखास घसरतो ते क्रियापदावर. आपलं 'उकळणे' दोन्हीकडे चालतं: पाणी उकळतं, मी पाणी उकळतो. एस्पेरांतोत बोलि म्हणजे आपोआप उकळणं. मि बोलास म्हटलं की तुम्हीच उकळताय! पाणी उकळवायचं तर 'इग' घाला: मि बोलिगास आक्वोन. फिनि उलट्या बाजूचं, त्याचा अर्थ संपवणं. सभा आपोआप संपली तर 'इज' घाला: ला कुन्वेनो फिनिजिस. नुसतं फिनिस म्हटलं तर सभेने काय संपवलं, असा प्रश्न पडतो. कुठलं क्रियापद कुठल्या बाजूचं हे कोणताही नियम सांगत नाही. प्रत्येक धातूबरोबर पाठ करावं लागतं.

संस्कृत? त्रि (तीन) आणि नोमो (नाव) बघून नाचू नका. झामेनहॉफने बहुतेक धातू लॅटिन कुळातल्या, जर्मानिक आणि स्लाव्ह भाषांतून उचलले. त्यांचं संस्कृतशी चुलत नातं जुनंच आहे.

मराठीचा खरा फायदा दुसरीकडे होतो. चमच्यातला च आणि चिमणीतला च ही तिथली दोन वेगळी अक्षरं आहेत, आणि आपल्या तोंडात दोन्ही आधीच आहेत. 'सिआ' म्हणजे आपला, 'लिआ' म्हणजे त्याचा: रामाने आपलं पुस्तक घेतलं की त्याचं, हा फरक इंग्रजीवाल्यांना घोटवून घ्यावा लागतो, आपल्याला नाही.