रिपरचं वेड हवेतून आलेलं नाही

‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’ या सिनेमावरच्या लेखात, रशियावर अणुबॉम्बची विमानं सोडणाऱ्या अमेरिकी जनरल रिपरला ‘कारण नसलेला माथेफिरू’ म्हणून एका ओळीत निकालात काढलंय, ते पटलं नाही. कारण आहे, आणि अख्खा सिनेमा त्यावरच उभा आहे. दातांसाठी पाण्यात फ्लोराइड मिसळणं हा कम्युनिस्टांचा डाव, असं रिपर मानतो; ही भीती त्या काळी अमेरिकेत खरंच पसरवली जात होती. १९६४ च्या तिकडच्या प्रेक्षकाला ती नवी नव्हती.

आम्ही यवतमाळकडचे. इकडे बोअरच्या पाण्यात मुळातच फ्लोराइड जास्त. पोट्ट्यांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे, म्हाताऱ्यांचे गुडघे धरलेले. त्यामुळे सुरुवातीला मी रिपरचं जरा गंभीरपणेच ऐकत होतो! पण आमच्या हापशीला ‘पिऊ नका’ म्हणून लाल रंग लागतो तो पाणी तपासून. रिपर काहीच तपासत नाही. शय्येवर जाणवलेला थकवा स्वतःचा आहे हे त्याला सोसत नाही, मग तो रशियाच्या नावावर टाकून विमानं सोडतो. सोफ्यावर मँड्रेकच्या, म्हणजे हाताखालच्या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या, खांद्यावर हात टाकून किती शांतपणे सांगतो ते पुन्हा बघा. एवढा दुखावलेला पुरुषी अहंकार लेख लिहिणाऱ्याच्या नजरेतून सुटला कसा? बॉम्बर विमानाच्या वैमानिकाबद्दलचं, मेजर काँगबद्दलचं मात्र झकास लिहिलंय.