नूडल्सवर मेण नसतं हो!

तो मेसेज पुन्हा फिरायला लागलाय. घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर यावेळी तो लालभडक कोरियन पाकिटाच्या फोटोसकट आला. मजकूर थोडक्यात असा: इन्स्टंट रामेनवर, म्हणजे पाकिटातल्या झटपट नूडल्सवर, मेणाचा थर असतो, म्हणून नूडल्स उकळून पहिलं पाणी फेकायचं आणि दुसऱ्या पाण्यात त्या पुन्हा उकळायच्या. मसाला गॅस बंद केल्यावरच घालायचा, उकळला तर त्याचं विष होतं. आणि एवढं करूनही मेण पोटातून जायला चार-पाच दिवस लागतात. काकांनी पाठवला, मावशींनी हात जोडले, आणि एका ताईंनी घाबरून विचारलं, "मग पोराला डब्यात देऊ की नको?"

आधी मेणाचं बघू, कारण बाकीचा डोलारा त्यावरच उभा आहे. कारखान्यात मैद्याचं पीठ लाटून त्याच्या तारा कापतात, त्या वाफवतात आणि साच्यात भरून साधारण १४० ते १६० अंशांच्या पामतेलात एक-दोन मिनिटं तळतात. आतलं पाणी वाफ होऊन निघून जातं आणि वाटेत बारीक भोकं ठेवून जातं. घरी उकळतं पाणी त्याच भोकांतून आत शिरतं, म्हणून तर तीन मिनिटांत काम होतं. मोमोफुकु आंदो यांनी १९५८ साली जपानात हे पहिलं पाकीट विकायला काढलं, तेव्हापासून मूळ तंत्र हेच आहे. त्यावर मेण फासलं तर भोकंच बुजतील, मग पाणी शिरणार कुठून? राहिला न चिकटण्याचा प्रश्न. वाळलेली वस्तू चिकटत नाही, एवढंच त्याचं उत्तर. वाळवणाच्या शेवयांना आपल्या आज्ज्या काय मेण लावायच्या?

"पण पाण्यावर काहीतरी तरंगतं, मी डोळ्यांनी पाहिलंय." बरोबर पाहिलंत, ते तळणीचं तेल आहे. खात्री करायची तर नूडल्स उकळलेलं पाणी वाटीत गाळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर पांढुरके कण किंवा पातळ साय धरलेली दिसेल. मेसेजवाल्यांचं मेण ते हेच. चिमूटभर घेऊन बोटांत चोळा, अंगाच्या उबेनेच विरघळून तेलकट होईल. शेजारी मेणबत्तीचा कपचा घेऊन तोही चोळा. ढिम्म हलणार नाही, कारण ते मेण वितळायला ५० अंशांच्या आसपासची उष्णता लागते. पाणी गढूळ होतं ते मैद्याच्या स्टार्चमुळे. त्यातला पिवळटपणा आणि नूडल्सचा लवचिकपणा येतो क्षारांमुळे: पाकिटावर ५००(आय) आणि ५०१(आय) असे आकडे असतात, म्हणजे सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेट. आपल्या पापडखाराच्या घराण्यातलेच.

मग पहिलं पाणी फेकूच नये का? खुशाल फेका. थोडं तेल जातं, नूडल्समधलं थोडं मीठही जातं. तेल नको असेल तर हा चांगला उपाय आहे, पण त्याला विष उतरवणं म्हणू नका. आणि दुसऱ्यांदा उकळवत बसू नका, लगदा होतो. दीड-दोन मिनिटांत चाळणीवर ओता आणि दुसरीकडे आधीच उकळत ठेवलेल्या मसाल्याच्या पाण्यात मिनिटभर सोडा. 'एअर ड्राइड' लिहिलेल्या पाकिटांत तळणच नसतं, तिथे हा खटाटोप वाया. आंदोंच्या मूळ चिकन रामेनमध्ये तर चव नूडल्समध्येच मुरवलेली असते. त्याचं पाणी फेकलं की जेवण मोरीत गेलं. डब्यासाठी म्हणाल तर ताई, बिनधास्त द्या, फक्त पाणी कमी ठेवा, अर्धा मिनिट आधी उतरवा आणि वरून चमचाभर तेल फिरवा. मधल्या सुट्टीपर्यंत गोळा होणार नाही.

मसाल्याचा मुद्दा मला जास्त गमतीचा वाटतो, कारण त्यातली अर्धी गोष्ट खरी आहे. जपानी पाकिटांवर बऱ्याचदा असंच लिहिलेलं असतं: ५०० मिली पाणी, तीन मिनिटं उकळा, गॅस बंद करा, मग सूपची पूड. पण ते वासासाठी. खळखळ उकळीत सुगंध वाफेबरोबर उडून जातो. कोरियन पाकीट उलटं सांगतं: साधारण ५५० मिली पाणी उकळलं की पूड आणि नूडल्स एकदमच टाका आणि चार-पाच मिनिटं मोठ्या आचेवर ठेवा. तिखट रस्सा नूडल्समध्ये मुरायला हवा ना. आपल्या देशी मसाल्यात धणे-हळद असते, तीही पाण्यात चांगली उकळलेलीच बरी, नाहीतर कच्चट लागते. उकळून विष होत असतं तर अख्खा कोरिया आजारी पडला असता!

ज्याच्या नावाने ही भीती घालतात ते अजिनोमोटो, म्हणजेच एमएसजी (मोनोसोडियम ग्लुटामेट), १९०८ साली जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोंबू नावाच्या समुद्री वनस्पतीच्या रश्शातून शोधलं. त्यातलं ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोतही असतं. आपण टोमॅटोचं सार तासभर उकळतो तेव्हा कुणी मेसेज पाठवत नाही. पातेल्यात पाणी असेतो आतलं तापमान १०० अंशांच्या आसपासच राहतं आणि तेवढ्याने ग्लुटामेटचं विष होत नाही.

चार-पाच दिवसांचं तर सोडाच. साधं जेवण जठरातून काही तासांत पुढे सरकतं, मैदाही सरकतो. जे नाहीच ते मेण पोटात राहणार कसं?

कुणीतरी २०१५ची मॅगीबंदी पुरावा म्हणून आणतंच. तेव्हा आक्षेप होते ते शिशाचे, 'नो अ‍ॅडेड एमएसजी' या लेबलचे आणि मंजुरीआधी बाजारात आणलेल्या एका ओट्स प्रकाराचे. जूनमध्ये आलेला तो बंदीचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये रद्द केला. मेणाचा त्यात संबंध नव्हता.

काळजीच करायची तर मिठाची करा, आणि नेमकं त्याबद्दल मेसेजमध्ये अक्षर नाही. पाकिटामागे सोडियमचा आकडा असतो, त्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. रश्शाच्या रामेनचं एक पाकीट त्यातला मोठा वाटा एका वाडग्यात संपवू शकतं. पुडी अर्धीच घाला, उरलेली चव आलं, लसूण, कांद्याची पात आणि लिंबावर काढा, शेवटच्या मिनिटाला एक अंडं फोडून सोडा. आणि वाडगा तोंडाला लावून रस्सा तळापर्यंत पिऊ नका, कारण मीठ बहुतेक तिथेच असतं.