मधे बोलतंय म्हणून पोर उद्धट? त्या फॉरवर्डचं जरा बघू

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला, सोसायटीच्या, माहेरच्या आणि आमच्या बालवाडीच्या पालकांच्या. वर ठळक अक्षरात 'मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालणारं मूल पुढे उद्धट होतं, दोन वर्षांपासूनच गप्प बसायची सवय लावा', खाली पाच नियम आणि शेवटी हात जोडलेले. मी सिंहगड रोडला बालवाडी घेते, अकरा वर्षं झाली, त्यामुळे पोरांनी मधे बोलण्याचा अनुभव म्हणाल तर रोज सकाळी नऊ ते बारा. तर एकेक घेऊ.

पहिला नियम म्हणे, 'मोठी माणसं समोरच्याचं पूर्ण ऐकून, थांबून मग बोलतात, ते मुलांना दाखवा.' कुठली मोठी माणसं हो? 2009 साली 10 भाषांमधल्या गप्पा रेकॉर्ड करून मोजलेलं प्रसिद्ध झालंय, प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत जातो साधारण सेकंदाचा पाचवा भाग, जपानी लोक सगळ्यात झटपट, डेन्मार्कवाले सगळ्यात निवांत, पण तेही सरासरी अर्ध्या सेकंदाच्या आत. आणि गंमत अशी की एक शब्द मनात जुळवून तोंडाबाहेर काढायलाच अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतो, म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण उत्तर तयार ठेवतो आणि त्याचं वाक्य कुठे संपणार ते हेरून टुणकन आत शिरतो. चालत्या पीएमटीत चढण्यासारखं आहे ते. तीन वर्षांच्या पोराला ते जमत नाही, ते एकतर आधीच उडी मारतं नाहीतर बस गेल्यावर पळतं, यात उद्धटपणा कुठून आला? त्यात आपल्या मराठीत क्रियापद शेवटी आणि 'नाही' तर त्याच्याही मागे. 'उद्या आपण पेशवे पार्कला जाणार...' इथपर्यंत ऐकून पोरगं नाचायला लागतं, मग '...नाहीये', मग भोकाड. चूक कोणाची सांगा.

दुसरा नियम वाचून मला खरंच राग आला, 'मूल लगेच उत्तर देत नसेल तर त्याचं लक्ष नाही, प्रश्न परत परत विचारा.' माझा चार वर्षांचा भाचा गेल्या महिन्यात फुलराणीत, म्हणजे पेशवे पार्कातल्या छोट्या आगगाडीत, बसून आला, आजोबांनी विचारलं काय काय बघितलंस, तर त्याचं सुरू झालं, 'मग ना... मग ना आजोबा... मी ना...' आणि एवढ्यात आजोबा, 'फुलराणीत बसलास ना? मजा आली ना? बोल की!' पोर तिसऱ्या 'मग ना' ला गप्प झालं आणि सोफ्याचा धागा ओढत बसलं. आता हे 'मग ना' म्हणजे काय, तर जागा धरणं, एसटीच्या सीटवर रुमाल टाकतो ना तसं, माझा नंबर चालू आहे, वाक्य येतंय मागून. मी दादांना, म्हणजे त्याच्या आजोबांना, खुणेनं थांबवलं, आणि मनात एक दोन तीन चार मोजलं, चारला तो म्हणाला, 'मग ना ती शिट्टी माझ्यासाठी वाजली.' पुढची दहा मिनिटं मग आम्हाला नंबर मिळाला नाही.

हे माझंच डोकं नाहीये. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी 1970 च्या दशकात शाळांमध्ये मोजून दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तेच तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, एरवी न बोलणारीही बोलतात. तीन सेकंद करून बघा एकदा, फार लांब वाटतात, मला अजून वाटतात.

तिसरा, 'बाळ बोलायला लागल्याशिवाय त्याच्याशी गप्पा मारून उपयोग नाही.' हे ज्यानं लिहिलं त्यानं तान्हं मूल मांडीवर घेतलंय का कधी? दोन-तीन महिन्यांचं बाळ 'आऽगू' करतं, आपण 'हो का गं? अगंबाई!' म्हणतो आणि थांबतो, ते परत 'आऽगू' करतं. मेरी कॅथरीन बेटसन यांनी 1975 मध्ये आई आणि बाळाच्या या देवाणघेवाणीला संभाषणाचीच सुरुवात म्हटलंय. आपलं बुवाकुक तरी दुसरं काय आहे, एकदा तू एकदा मी.

चौथा, 'रोज तासभर मोबाईलवर गोष्टी ऐकवा, शब्द वाढतात.' गोष्टींना माझा विरोध नाही, पण मोबाईल थांबतो का पोरासाठी? 2018 मध्ये रोमिओ आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला, 4 ते 6 वर्षांच्या 36 मुलांचा, घरात दिवसभर रेकॉर्डिंग केलेलं, तर ज्यांच्याशी घरात आलटून पालटून बोलणं जास्त होतं त्यांच्या मेंदूतला भाषेचा भाग गोष्ट ऐकताना जास्त जागा होत होता, मोठी माणसं नुसती किती बोलतात किंवा कमाई किती यावर ते अवलंबून नव्हतं. मुलं थोडी आहेत, मान्य.

पाचवा मात्र अर्धा बरोबर आहे, 'बोलायचं असेल तर मुलानं आईच्या हातावर हात ठेवून थांबावं, आई पाच मिनिटांनी बघेल.' हात ठेवणं मस्त, आम्ही वर्गात तेच करतो, पण मी लगेच त्या हातावर माझा हात ठेवते, म्हणजे कळलंय, तुझा नंबर लागलाय. पाच मिनिटं मात्र विसरा. अडीच-तीन वर्षांच्याला पाच-दहा सेकंद, वाक्य संपवायचं आणि वळायचं, पाच वर्षांच्याला मिनिटभर चालतं. आणि 'शू आलीय' ला कुठलाच नियम नाही, हे मी अनुभवानं सांगते.

पूर्वीची मुलं कशी गप्प बसायची अशीही एक ओळ शेवटी आहे. ती मी सासूबाईंना वाचून दाखवत होते तर ओळ संपायच्या आत त्या म्हणाल्या, 'कोण गप्प बसायचं? आम्ही?'