देवाचा न्याय घरच्या घरी कसा करावा

घोट्याला प्लास्टर घालून तीन आठवडे पलंगावर पडलं की माणसाला बरंच काही कळतं. मला देवाचा न्याय कळला. भेटायला आलेल्या मंडळींनी समजावून सांगितला, चहाबरोबर. ही विद्या माझ्यापाशीच कुजू नये म्हणून लिहितेय.

न्याय नेहमी दुसऱ्याच्या घरात शोधावा. शेजाऱ्याचा मुलगा नापास झाला तर आईबापांचं पाप. आपला झाला तर देव पारख करतोय, तोही विश्वासू माणसांचीच करतो ना!

पाऊस आपल्या शेतात पडला तर आशीर्वाद, बांधापलीकडे पडला तर हवामान.

आजाऱ्याकडे मात्र तयारीनं जावं. खुर्ची पलंगाजवळ ओढावी, प्लास्टरवर बोटानं टकटक करून बघावं आणि आवाज उतरवून विचारावं, "ताई, कुठं काही चुकलं का, तपासलंत मनाशी?" मला आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका बंधूंनी हेच विचारलं. पडण्याआधीचे दोन रविवार मी उपासनेला नव्हते, हे त्यांनी मोजून ठेवलं होतं. अहो, बायबलातल्या त्या सगळं गमावून आजारी पडलेल्या ईयोबाकडे आलेले मित्र अलीफज, बिल्दद आणि सोफर निदान सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, मग बोलले. आमच्या बंधूंना चहा गाळून होईपर्यंत दम निघाला नाही. त्या तिघांचं पुढं काय झालं? देव भडकला तो या तिघांवरच. सात गोऱ्हे आणि सात एडके घेऊन ईयोबाकडे जा, म्हणाला. बंधूंनी अर्धा डझन केळी आणली होती, त्यातली दोन बोलता बोलता स्वतःच खाल्ली. शिलोहातला बुरूज अंगावर पडून 18 माणसं मेली, ती काय यरुशलेमेतल्या बाकीच्यांहून पापी होती? येशूनंच विचारलंय, आणि 'नाही' हे उत्तरही त्यानंच दिलंय. जन्मांध माणसापाशी शिष्यांनी हाच भोचकपणा केला, तेव्हाही तेच: ना यानं पाप केलं, ना याच्या आईबापांनी. पण शुभवर्तमान, म्हणजे येशूची ही हकिकत, आम्ही वाचतो नाताळात, तेही त्याच्या जन्माच्या गोठ्यापर्यंत.

'डोळ्याबद्दल डोळा' हे भावकीच्या भांडणात खणखणीत म्हणावं. एकाबद्दल दोन काढू नयेत म्हणून घातलेला तो लगाम होता, हे सांगत बसू नये.

मजुरीचा विषय निघाला की मोशेचं नियमशास्त्र आता जुनं झालं म्हणावं. त्यातलंच लेवीय पुस्तक, अध्याय 19: मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नको. एक रात्रसुद्धा नाही! आणि बंधूंचा वरचा मजला बांधणारा गवंडी तीन शनिवार फाटकाशी येऊन परत जातोय. माझ्या खिडकीतून दिसतं सगळं. सायकलच्या हँडलला डबा, बोटांच्या फटींत सुकलेलं सिमेंट. "पुढच्या आठवड्यात बघू," वरून आवाज येतो. रविवारी मात्र चर्चमध्ये उपकारस्तुतीच्या दानाचं पाकीट वेळेवर, वर ठळक नाव घालून.

बस झालं आता. बंधू, माझी स्कूटर घसरली ती तुमच्या वाळूवरून. दोन महिने गल्लीत पसरलीय, चारदा सांगितलं होतं, फावडं मारायला माणूस मिळत नाही म्हणालात. पैसे न दिल्यावर कसा मिळेल? त्यात देवाला कशाला ओढता? माझी पापं मी बघून घेईन. अडवलेली मजुरी ओरडते असं बायबलातल्या पत्रात याकोबानं लिहिलंय, तुम्हाला खिडक्या बंद करूनही ऐकू येत नसेल तर कान दाखवून घ्या.

आज पुन्हा शनिवार. तो आलाय, सायकल भिंतीला टेकवून उभा आहे. खाली या आणि त्याचे पैसे द्या. सगळे.