सुंदरीचं काम सनईवर भागत नाही

सुंदरीवरून तिकडे सोलापुरात पुन्हा वाद पेटलाय. तिथल्या जाधव घराण्याने मैफलीत आणलेलं हे सनईसारखं, पण लहान फुंकवाद्य. एक बाजू म्हणते, सनई असताना ही धाकटी बहीण हवी कशाला? दुसरी म्हणते, जर्मनीत बघा, तीनशे वर्षांपूर्वीची वाद्यं कशी जपलीत. पहिल्यांचा राग येतोच, पण दुसऱ्यांचा जास्त येतो. ते इथल्या, म्हणजे जर्मनीतल्या लाइपझिगची साक्ष काढतात, आणि ती साक्षच खोटी आहे.

ओबो दा काच्चाचंच बघा. ओबो या सनईसारख्या पाश्चात्त्य वाद्याच्या पंचमभर खाली बोलणारं, कोयत्यासारखं वाकलेलं, कातडं चढवलेलं लाकडी वाद्य. टोकाला पितळी कर्णा. संगीतकार बाख १७२३ मध्ये इथल्या थॉमासकिर्शे या चर्चचा कॅन्टर, म्हणजे संगीतप्रमुख झाला आणि त्याच वर्षापासून हे वाद्य त्याच्या कॅन्टाटांत, म्हणजे चर्चसाठीच्या गायन-वादन रचनांत, नावानिशी दिसू लागलं. मग ते मागे पडलं, आणि इथे कुणी जपलंबिपलं नाही. लाइपझिगच्याच योहान हाइनरिश आयखेनटोप्फ या वाद्यकारागिराने १७२४ साली केलेले नमुने टिकले ते स्टॉकहोम आणि कोपनहेगनच्या संग्रहालयांत. दीडशे-दोनशे वर्षं ‘इंग्लिश हॉर्न आहे ना’ म्हणून त्याच पट्टीतल्या या दुसऱ्या ओबोवर भागवलं गेलं. म्हणजे सोलापूरला आज जे ऐकवलं जातंय, तेच.

भागत मात्र नव्हतं. बाखच्या मॅथ्यू पॅशनमधलं ‘आउस लीबे’ हे गाणं ऐका. तिथे तंतुवाद्यं नाहीत, खर्जाचा आधारही नाही. सोप्रानोचा (उंच पट्टीतल्या गायिकेचा) गळा, एक बासरी आणि खाली दोन दा काच्चा, बस्स. दा काच्चाचा आवाज मोकळा, किंचित खरखरीत, आणि लाकडी बासरीला जागा ठेवणारा. इंग्लिश हॉर्नचं तोंड कांद्यासारखं आत वळलेलं, त्यामुळे सूर गोल आणि झाकलेला येतो. स्वर बरोबर लागतात, पण तिघांतलं अंतर बदलतं. १७२५ च्या ‘वी श्योन लॉइख्टेट’ या कॅन्टाटात तर दोन पितळी हॉर्नच्या शेजारी दोन दा काच्चा आहेत. तिथे पितळी कर्ण्याचं काम कळतं, वादक समोर बसलेला असेल तर जास्तच.

ते परत उभं करणं किती अवघड होतं, हे मात्र कुणी सांगत नाही. नळी आधी सरळच कातायची आणि आतून निमुळती पोखरायची. मग आतल्या वळणाच्या बाजूने करवतीने ओळीने खाचा पाडायच्या, पोकळीपर्यंत, पण पाठीकडची भिंत शाबूत ठेवून. वाफेवर धरून वाकवलं की खाचा मिटत येतात. त्यांवर पट्टी चिकटवायची आणि वरून कातडं. खाच जास्त खोल गेली की पाठ तडकते. कमी पडली तर नळी वाकत नाही, जोर लावला की मोडते. एखाद्या सांध्यातून हवा निसटली तर वरचे सूर कसेबसे निघतात, खालचे बोलतच नाहीत. कातडं शोभेचं नाही, ते हवा धरून ठेवतं. १९७० च्या दशकात अशा प्रती झाल्या, जुन्या पद्धतीची वाद्यं वापरणाऱ्या हार्नोनकुर्ट या संगीतसंचालकाच्या बाख-ध्वनिमुद्रणांत त्या वाजल्या, तेव्हा कुठे लोकांना फरक ऐकू आला. आधुनिक वाद्यवृंदांत आजही त्या जागी इंग्लिश हॉर्न वाजतो, आणि थॉमासकिर्शेतल्या शनिवारच्या मोटेटहून, म्हणजे गायनाच्या प्रार्थनेहून, बाहेर पडणाऱ्या कुणाची झोप उडत नाही.

हे परत आलं, कारण बाखने वाद्याचं नाव कागदावर लिहून ठेवलं होतं. सुंदरीचं संगीत कागदावर नाही, फुंकेत आहे. तिथे दीडशे वर्षांनी शोधायला काहीच उरणार नाही. तरी ‘जर्मनांकडून शिका’ म्हणायचं?

‘तिकडे बसून शिकवू नका’ हे उत्तर येणार, ठाऊक आहे. इथे बाखबद्दल माझं मत कुणी मागत नाही, आणि सुंदरीबद्दल तिथे कुणाला नकोय. मत तरी आहेच, आणि ते सोलापूरचंच आहे.

तेव्हा भांडण थांबवा आणि मापपट्टी घ्या. नळीचा आतला व्यास दर सेंटिमीटरला, भोकांची अंतरं, प्रत्येक भोक आतून किती खरवडलंय ते. जिव्हाळीची (फुंकायच्या पातीची) लांबी-रुंदी, ओली असताना तिचं तोंड किती उघडं राहतं ते वेगळं. वाजवणाऱ्याने बोटांची प्रत्येक ठेवण कॅमेऱ्यासमोर संथ वाजवून दाखवावी, मींड घेताना ओठ कुठे सरकतात तेही. जुन्या जिव्हाळ्या फेकू नयेत, डबीत नाव-तारीख घालून ठेवाव्यात.