‘फक्त नंबर बदलले, बाकी कायदा तोच’? नाही, वकीलसाहेब

१ जुलै २०२४ ला भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम आले. तेव्हापासून वकिलांच्या आणि लॉ कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक तक्ता फिरतो आहे. डावीकडे जुनं कलम, उजवीकडे नवं, आणि वर मजकूर: ‘३०२ चं १०३ झालं, ४२० चं ३१८ झालं. नंबर पाठ करा, बाकी कायदा तोच. जुने कायदे संपले. राजद्रोह गेला. मोबाईलमधल्या पुराव्याला आता सर्टिफिकेट लागत नाही.’ नवीन सनद घेतलेली मुलं हा तक्ता छापून फाईलला लावतात, म्हणून एकेक विधान तपासतो.

‘बाकी कायदा तोच.’ भारतीय न्याय संहितेपुरतं यात बरंच तथ्य आहे. खून, चोरी, फसवणूक यांच्या व्याख्या जवळजवळ जशाच्या तशा आल्या आहेत आणि त्यांवरचे जुने निवाडे आजही चालतात. पण काही कलमांना या तक्त्यात डावा रकानाच नाही. लग्नाचं खोटं वचन देऊन ठेवलेले संबंध (कलम ६९), जमावाने जात-समुदायासारख्या कारणावरून केलेली हत्या (१०३(२)), संघटित गुन्हेगारी (१११). महाराष्ट्रातल्या वकिलाने १११ तर मोक्का (राज्याचा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) शेजारी ठेवूनच वाचावं. मोक्काखाली गुन्हा नोंदवायला उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते. १११ मध्ये अशी अट नाही. उलट जुन्या ३७७ ला (अनैसर्गिक संबंधांचं कलम) उजवा रकाना नाही. २०१८ च्या निकालाने त्यातला संमतीचा भाग वगळला होता, बळजबरीचा शिल्लक ठेवला होता. नव्या संहितेत तोही नाही. पुरुषावर झालेल्या बलात्काराची तक्रार घेऊन कुणी आलं तर त्याला कोणतं कलम सांगणार?

आता कार्यपद्धती, म्हणजे नागरिक सुरक्षा संहिता. अशिलाचं स्वातंत्र्य इथे अडकलेलं असतं आणि तक्ता इथेच सगळ्यात जास्त फसवतो. त्यात ‘१६७ = १८७’ एवढंच लिहिलेलं आहे. ही अटकेनंतरच्या कोठडीची कलमं. १६७ खाली पहिल्या पंधरा दिवसांनंतर पीसीआर (पोलीस कोठडी) नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये कुलकर्णी प्रकरणात सांगितलं होतं. एमसीआर (न्यायालयीन कोठडी) झाला की आपण जामिनाचा अर्ज टाकायचो. १८७ खाली पोलीस कोठडीचे तेच पंधरा दिवस तुकड्यातुकड्यांनी मागता येतात: तपासाची मुदत साठ दिवसांची असेल तर पहिल्या चाळीस दिवसांत, नव्वद दिवसांची असेल तर पहिल्या साठ दिवसांत. त्यामुळे विसाव्या दिवशी जामीन मागितला की ‘आमचे सहा दिवस शिल्लक आहेत’ असं पोलिसांचं उत्तर येतं. त्यावरचा तोडगाही याच संहितेत आहे. कलम ४८० च्या परंतुकानुसार, आरोपी एरवी जामिनाला पात्र असेल तर पंधरा दिवसांनंतरची पोलीस कोठडी हवी एवढ्याच कारणावरून जामीन नाकारता येत नाही. हे शब्द जुन्या ४३७ मध्ये नव्हते. नुसता तक्ता पाहणाऱ्याला त्यांचा पत्ताच नसतो, आणि त्याचा अशील आत राहतो.

४७९ चंही तेच. आयुष्यात पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला सोडायचं. पूर्वी ही मर्यादा निम्म्याची होती. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळले आहेत, आणि एकाहून अधिक प्रकरणं चालू असतील तरीही हा लाभ नाही. १ जुलैपूर्वीच्या प्रकरणांतल्या कैद्यांनाही हे कलम लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं. ज्यांच्याकडे वकीलच नाही अशा माणसांसाठी ही तरतूद आहे. आपल्याला ती माहीत नसेल तर त्यांना कोण सांगणार?

खाजगी फिर्यादीतही बदल आहे. कलम २२३ प्रमाणे आरोपीला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय न्यायदंडाधिकाऱ्याला फिर्यादीची दखल घेता येत नाही. चेक बाउन्सच्या फिर्यादींना मात्र हे लागू नाही. गोव्यातून गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये तसं सांगितलं. तक्त्यात ‘२०० = २२३’ असं आहे, दोन्हींपैकी एकही गोष्ट नाही.

‘जुने कायदे संपले.’ मार्च २०२४ मध्ये गुन्हा घडला आणि ऑगस्टमध्ये एफआयआर झाला, तर कलमं भारतीय दंड संहितेचीच लागतात, कारण कृत्य घडलं त्या दिवशीचा कायदा पाहायचा असतो. तपास मात्र नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे होतो. १ जुलैला प्रलंबित असलेले खटले आणि अपिलं कलम ५३१ मुळे जुन्या पद्धतीनेच चालतात. दंड संहिता आणखी कित्येक वर्षं टेबलावर राहणार आहे. रद्दीत घालू नका.

‘राजद्रोह गेला.’ शब्द गेला. दंड संहितेतल्या राजद्रोहाच्या १२४अ ला सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्थगिती दिली होती. आता देशाचं सार्वभौमत्व, एकता, अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांसाठी कलम १५२ आहे. त्यात जन्मठेप किंवा सात वर्षांपर्यंत कैद आहे, आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमातून केलेला संवादही येतो. गेला म्हणून कुणी समाधान मानू नये.

‘सर्टिफिकेट लागत नाही.’ याने तर केस हातची जाईल. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल निकालात २०२० मध्ये जुन्या पुरावा कायद्यातल्या ६५ब च्या प्रमाणपत्राची सक्ती कायम झाली. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ ने ती आणखी कडक केली. ठरलेल्या नमुन्यात दोन भाग: एक उपकरण ज्याच्या ताब्यात त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि फाईलची हॅश व्हॅल्यूही (फाईल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा अंकाक्षरी ठसा) लिहायची. कलम ५७ च्या स्पष्टीकरणात इलेक्ट्रॉनिक नोंदीला प्राथमिक पुरावा म्हटलंय, त्यावरून हा गैरसमज पसरला असावा. पण आपण कोर्टात देतो ती बहुतेक वेळा पेनड्राइव्हवरची नक्कल असते किंवा प्रिंट, आणि तिला ६३ चुकत नाही.

आणि ज्यांना नंबरच पाठ करायचे आहेत, त्यांनी निदान हे दोन जपून करावेत. वर्षानुवर्षं ४३८ म्हणजे अटकपूर्व जामीन आणि ४८२ म्हणजे हायकोर्टात एफआयआर रद्द करण्याचा अर्ज. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४३८ हे पुनरीक्षणाचं (खालच्या कोर्टाचा आदेश वरच्या कोर्टाने तपासण्याचं) कलम आहे, अटकपूर्व जामीन ४८२ वर गेला आहे, आणि जुनं ४८२ आता ५२८ आहे. घाईत जुना मसुदा उघडून वरचं फक्त कायद्याचं नाव बदललंत, तर अर्जाचा अर्थच बदलतो.